दापोडीचा डॉक्टर, जोतीरावांचा असूड आणि जंगलाची राखण

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा, भारताचे पहिले वनमहानिरीक्षक कोण? उत्तर तोंडपाठ असतं. डिट्रिच ब्रँडिस, १८६४. गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण ब्रँडिस येण्याच्या सतरा वर्षं आधी, १८४७ मध्ये, मुंबई इलाख्यात एका माणसाला 'जंगलांचा राखणदार' म्हणून पगारी नेमणूक मिळाली होती. आज वनखात्याच्या कार्यालयात दारावर 'वनसंरक्षक' अशी पाटी दिसते, त्या पदाचा आपल्याकडचा हा पहिला माणूस. तो ना शिकारी होता, ना लाकडाचा व्यापारी. तो डॉक्टर होता आणि त्याचा मुक्काम होता पुण्याजवळच्या दापोडीला.

पर्यावरणात करिअर करायचं म्हणणारी बरीच मुलं-मुली आज भेटतात. कुणी वनसेवेची परीक्षा देतं, कुणी पर्यावरणशास्त्रात पदवी घेतं, कुणी एखाद्या संस्थेतून गावोगाव फिरतं. या वाटेची सुरुवात कुठे झाली, हे माहीत असायला हवं. कारण त्या सुरुवातीला जे बरोबर होतं आणि जे चुकलं, ते दोन्ही आजही या कामात जिवंत आहे.

बागेतला डॉक्टर

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल खडकीनंतर दापोडीला थांबते. इंग्रजांच्या कागदांत या गावाचं नाव 'दापुरी' असं येतं. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८२८ मध्ये, इथे नदीकाठी सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ मध्ये त्याची जबाबदारी अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश सर्जनकडे आली.

गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतला. त्याआधी देवीच्या लसीकरणाचं काम घेऊन तो दख्खन आणि खानदेशात फिरला होता. लस टोचायला फिरणारा माणूस गावाबाहेरच्या बंगल्यात बसून राहत नाही. त्याला वाडीवस्तीवर जावं लागतं, पायवाटा तुडवाव्या लागतात, लोकांशी बोलावं लागतं. गिब्सनची मुलुखाशी ओळख झाली ती अशी.

त्या काळी वनस्पतिशास्त्र हा वैद्यकाच्या शिक्षणाचाच भाग होता, कारण बहुतेक औषधं झाडपाल्यातून येत. दापुरीच्या बागेत सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावून सरकारी दवाखान्यांना पुरवल्या जात. तिथल्या वनस्पतींची एका स्थानिक चित्रकाराने काढलेली पावणेदोनशेच्या आसपास सुंदर चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. गिब्सनचं नाव पुस्तकांत आहे. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

सागवान आणि झरे

कंपनी सरकारला जंगलाची काळजी वाटायला लागली, ती सागवानामुळे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधत. १८१७ मध्ये इथे बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्यावर उभं आहे. सागाचं लाकूड किती टिकतं, याचा दोनशे वर्षांचा पुरावा.

एवढं लाकूड कायम मिळत राहावं म्हणून कंपनीने १८०६ मध्येच मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला जंगलांवर नेमलं होतं. त्याने सागवानाची मक्तेदारी इतक्या कडकपणे राबवली की जमीनमालक आणि व्यापारी दोघंही चिडले. शेवटी १८२३ मध्ये ते पदच रद्द झालं. म्हणजे राखणदाराच्या पदाचा पहिला प्रयोग फसला होता आणि फसण्याचं कारण लोकांचा विरोध हे होतं.

गिब्सनने मात्र लाकडाच्या पलीकडचं काहीतरी पाहिलं. कोकणात डोंगर उघडे पडत चालले होते आणि जिथे झाडी तुटली तिथले झरे आटत होते, असं त्याने १८४० च्या दशकात सरकारला कळवलं. हा विचार त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. मॉरिशस बेटावर फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्र याने अठराव्या शतकातच पाणी आणि पावसासाठी जंगल राखण्याचे नियम केले होते. हुम्बोल्टने व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया तळ्याचं पाणी का घटतंय याचा माग काढताना भोवतीच्या जंगलतोडीकडे बोट दाखवलं होतं. कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर हे सगळं वाचत होते. रोग, दुष्काळ, पाणी आणि झाडं यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांच्यातल्या काहींना कळून चुकलं होतं.

डोंगरावरचं जंगल पावसाचा मारा झेलतं, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, ते हळूहळू मुरतं आणि उन्हाळ्यात झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. झाडी गेली की तेच पाणी माती घेऊन धावत सुटतं. शाळेच्या पुस्तकातली ही गोष्ट तेव्हा सरकारी धोरण बदलायला निघाली होती. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८५१ मध्ये 'ब्रिटिश असोसिएशन' या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीच्या परिणामांवर जो अहवाल आला, त्यात हिंदुस्थानातल्या अशा डॉक्टरांच्या निरीक्षणांचा मोठा आधार होता. पृथ्वीची काळजी वाहणारे पहिले सरकारी कागद लंडनच्या कचेऱ्यांत नव्हे, तर सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या अंगाखांद्यावर तयार होत होते.

इथपर्यंत गिब्सन आपल्याला आवडतो. अडचण पुढे आहे. जंगल कुणामुळे तुटतंय, या प्रश्नाचं त्याचं एक उत्तर होतं कुमरी, म्हणजे डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून केलेली फिरती शेती. त्याने कुमरीवर निर्बंध आणले. आरमारासाठी आणि बाजारासाठी होणारी तोड नियमात बसवता येत होती. कुमरी करणारा मात्र सरळ गुन्हेगार ठरत होता. जंगल राखायचं म्हणजे ते तिथल्या माणसापासून राखायचं, ही समजूत या पदाला इथेच चिकटली.

त्याआधी काय होतं?

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जंगल राखण्याचा विचारच नव्हता, असं कुणी म्हटलं तर त्याला 'आज्ञापत्र' वाचायला सांगावं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विषय येतो. गरज तीच, जहाजांना लाकूड हवं. उत्तर मात्र वेगळं. सागासारखं लाकूड परवानगीने तोडावं, जास्त लागलं तर परमुलुखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराला उपयोगी, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, मग तोडावं.

याचा अर्थ तो काळ रामराज्याचा होता असा नाही. आज्ञा एक आणि अंमल दुसरा, हे तेव्हाही असणार. पण झाडाच्या प्रश्नात झाड लावणाऱ्याचं मन आणि त्याची संमती मोजायची असते, हे सत्तेने लिहून ठेवलं होतं. १८४७ नंतरच्या कागदांतून नेमकं हेच निसटलं.

रूळ आणि कायदा

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. रुळांखाली लाकडी स्लीपर लागतात, इंजिनाला जळण लागतं आणि रेल्वेचं जाळं तर देशभर पसरायचं होतं. आरमाराची भूक त्यापुढे लहान ठरली. १८६० मध्ये गिब्सन निवृत्त झाला, १८६४ मध्ये ब्रँडिसच्या हाताखाली देशपातळीवरचं वनखातं उभं राहिलं आणि १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला.

खरी कलाटणी १८७८ च्या कायद्याने दिली. त्याने जंगलांचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. हा कायदा घडत असताना सरकारी अधिकाऱ्यांमध्येच वाद झाला. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की लोक जंगलातून लाकूडफाटा आणतात, गुरं चारतात, तो त्यांचा हक्क नव्हे. ती राज्यकर्त्यांनी दिलेली सवलत आहे आणि सवलत काढून घेता येते. मद्रास सरकारने त्याला विरोध केला. गावांचे हे जुने हक्कच आहेत, असं तिथल्या महसूल अधिकाऱ्यांनी बजावलं. ब्रँडिस मधल्या वाटेवर होता, त्याला गावांची स्वतःची जंगलं असावीत असं वाटत होतं. जिंकला बेडन-पॉवेलचा विचार. ग्रामवनाचं कलम कायद्यात राहिलं, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच झोपून गेलं.

'हक्क' आणि 'सवलत' या दोन शब्दांमधलं अंतर किती, ते ठाणे-कुलाब्याच्या भातशेतकऱ्याला विचारा. भाताचं रोप टाकण्याआधी तो जमिनीवर शेण, डहाळ्या, पाला, गवत अंथरून भाजतो. त्याला राब म्हणतात. राबाशिवाय रोप जोमदार येत नाही, असा त्याचा पिढ्यांचा अनुभव. डहाळ्या यायच्या भोवतालच्या जंगलातून. नव्या नियमांनी ती डहाळी तोडणं हा गुन्हा ठरू लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ चा आहे.

फुलमाळ्याचा मुलगा

आता पुण्याला परत येऊ. १८४७ मध्ये गिब्सन वनसंरक्षक झाला, त्याच वर्षी पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतून एक वीस वर्षांचा तरुण शिक्षण संपवून बाहेर पडला. जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं आडनाव मात्र आपण सवयीने उच्चारतो आणि त्यामागचा व्यवसाय विसरतो. हे घराणं फुलमाळ्यांचं. एका बाजूला सरकारी बागेचा स्कॉटिश डॉक्टर, दुसऱ्या बाजूला फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातला मुलगा. दोघांनाही माती आणि पाणी कळत होतं.

१८८३ मध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. या पुस्तकात ते वनखात्यावर तुटून पडतात. पूर्वी थोडकी जमीन असलेला शेतकरी जवळच्या रानातली फळं, फुलं, पालापाचोळा विकून मिठामिरचीची सोय करत असे, गायरानात दोन गुरं, चार शेळ्या पाळत असे. नव्या जंगलखात्याने डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी, गायरानं सगळी आपल्या घशात घातली आणि शेतकऱ्याच्या शेळीला रानात तोंड घालायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

यावरून जोतीरावांना जंगलाची आणि मातीची पर्वा नव्हती असं कुणाला वाटलं, तर त्याने आणखी काही पानं वाचावीत. त्याच पुस्तकात ते सरकारला सुचवतात, की हाताशी असलेल्या लष्कर आणि पोलिसांतल्या जादा माणसांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्या. ते अशा बेताने बांधा की वळवाचं पाणी आधी शेतांत मुरेल आणि मग ओढ्या-नाल्याला मिळेल. झाडाझुडपांचा पाला, मेलेले कृमी-कीटक यांचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरून वाहत शेतात येतं आणि जमीन सुपीक करतं, हेही ते समजावून सांगतात. आज आपण ज्याला पाणलोट विकास म्हणतो, त्याचा हा आराखडा आहे.

आता गिब्सन आणि जोतीराव शेजारी शेजारी ठेवून पाहा. विज्ञानात दोघांचं भांडण नाही. पाणी डोंगरावर अडलं पाहिजे, मुरलं पाहिजे, माती जागेवर राहिली पाहिजे, हे दोघांनाही मान्य. फरक आहे तो माणसाला कुठे उभं करायचं यात. गिब्सनने घडवलेल्या चौकटीत शेतकरी म्हणजे ज्याच्यापासून जंगल वाचवायचं तो. जोतीरावांच्या आराखड्यात शेतकरी म्हणजे ज्याच्यासाठी आणि ज्याच्या शेतात पाणी अडवायचं तो. आपल्याकडे पर्यावरणाचा जवळजवळ प्रत्येक वाद या दोन टोकांमध्ये हिंदकळत राहिला आहे.

गाणी गावची देवराई

यातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र शंभरेक वर्षांनंतर घडली, तीही गिब्सन ज्या कोकणाबद्दल लिहीत होता त्याच कोकणात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि तरुण परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत होते. गाडगीळ नुकतेच हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन पुण्याला परतले होते. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काडीही तोडायची नाही, असा गावाचा दंडक. या दोघांना श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी गाठलं. त्यांची देवराई वनखात्याने तोडीसाठी लावली होती. ती वाचवायला मदत करा, असं गावाचं म्हणणं होतं.

अभ्यासकांना वाटलं, देवीचा कोप होईल ही भीती असणार. गावकऱ्यांनी दिलेलं कारण निराळं होतं. गावाला पाणी पुरवणारा ओढा त्या राईत उगम पावतो. राई गेली तर पाणी जाईल.

थांबून विचार करा. १८४० च्या दशकात एका सरकारी डॉक्टरने हाच मुद्दा मांडला आणि त्यावर वनसंरक्षकाचं पद उभं राहिलं. सव्वाशे वर्षांनी तोच मुद्दा कोकणातलं एक गाव मांडत होतं आणि कुऱ्हाड होती त्या पदातून वाढलेल्या खात्याच्या हातात. सुदैवाने गाडगीळ-वर्तकांनी लिहिल्यावर खात्याने ऐकलं आणि तोड थांबली. हे ज्ञान गाणीच्या लोकांनी कुठल्या अहवालात वाचलेलं नव्हतं. ते त्यांच्याकडे होतंच. दापुरीच्या चित्रकारासारखं त्यांचं नाव कुठे नोंदलेलं नव्हतं, एवढंच.

गाडगीळांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीवर या विचाराची छाप दिसते. गावागावांतल्या लोकांनीच आपल्या परिसराची नोंद ठेवावी म्हणून त्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवली. २०११ मध्ये पश्चिम घाटावरचा अहवाल देतानाही त्यांचा आग्रह होता की कुठे काय राखायचं यावर ग्रामसभांचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

मेंढ्याचा बांबू

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. जंगलात राहणाऱ्या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, असे शब्द त्याच्या प्रास्ताविकात आहेत. १८७८ मध्ये ज्याला सवलत ठरवलं, त्याला सव्वाशे वर्षांनी पुन्हा हक्क म्हटलं गेलं.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव २००९ मध्ये या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरलं. सुमारे १८०० हेक्टर जंगल गावाच्या ताब्यात आलं. पण हक्काचा कागद हातात आल्यावरही गावाला आपला बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना खात्याकडे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

कागद मिळाला म्हणून मेंढ्याचं जंगल टिकलं असं मात्र नाही. त्याआधीची दोन-तीन दशकं देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गाव अभ्यासगटात बसत होतं, वाद घालत होतं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय थांबवत होतं, स्वतःवर बंधनं घालून घेत होतं. गावाच्या हाती जंगल दिलं की ते आपोआप वाचतं, असा सोपा हिशेब इथे नाही. राखणीचं काम कुणी ना कुणी रोज करावंच लागतं. आणि न्यायाने बोलायचं तर खात्यानेही ते केलं आहे. मेळघाटासारखी जंगलं आज उभी आहेत, त्यामागे रात्री-अपरात्री पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचेही कष्ट आहेत.

म्हणून गिब्सनला खलनायक करून हा लेख संपवता येणार नाही. झरे आटताना पाहून अस्वस्थ होणारा आणि ते सरकारला लिहून कळवणारा अधिकारी आजही हवाच आहे. त्याने मुलूख पाहिला, झाडं ओळखली, पाण्याचा माग काढला. मुलुखातल्या माणसाकडे मात्र त्याने अडचण म्हणून पाहिलं. ज्याला लस टोचताना तो दारोदार फिरला, त्यालाच जंगलाच्या हद्दीबाहेर उभं केलं.

तुमच्यापैकी कुणी उद्या वनसेवेत जाईल, कुणाच्या नावापुढे 'वनसंरक्षक' लागेल, कुणी प्रकल्प अहवाल लिहील. नकाशावर हिरवा रंग भरताना त्या हिरव्यात कुणाची शेळी चरते, कुणाचा राब भाजतो, कुणाचा ओढा उगम पावतो, हे आधी त्या गावात जाऊन विचारा. पाण्याचा उगम बहुतेक वेळा त्यांना आपल्या आधीपासून ठाऊक असतो.